आखातातला एकमेव शास्त्रज्ञ

४ मार्च, स्फॅक्स
‘हवामान, समुद्र आणि समाज’ या अभ्यासक्रमाचा पहिला दिवस. समाज बघून शिसारी आली. एक वकील, एक अर्थशास्त्रवाला, एक समाजशास्त्रवाली, एक नकाशे रंगवणारी आणि एक तर चक्क इतिहासाचा. समुद्राचं गणित येणारा मी एकटा. माझ्या लॅपटॉपमध्ये अख्खं गाबेसचं आखात आहे, तळापासून लाटांपर्यंत. यांच्याकडे काय? प्रश्नावल्या.

आमच्या प्रमुख मादाम दोर्रा म्हणाल्या, मेअखेरीस सगळ्यांची भाषणं. समुद्र तापतोय आणि माणसं त्याच्याशी कशी वागतायत, हे जो सर्वांत चांगलं मांडेल त्याला संशोधन-जहाजावर जागा. एकच. तिच्यामागोमाग पीएचडी. बाकीच्यांनी उगाच भराभर लिहून घेतलं. जागा कुणाची हे उघड आहे. नाहीतर मला समुद्रापासून लांब, कोरड्या कैरवानला घरी परत जाऊन मेहुण्याच्या दुकानात खजुराच्या मक्रूद वड्या तळाव्या लागतील. तो प्रश्नच येत नाही.

६ मार्च
जोड्या लावल्या. माझ्या गळ्यात इश्राक. समाजशास्त्र! तिला मुद्दाम विचारलं, भरती कशाने येते? म्हणाली, “चंद्राने. आणि तू समुद्रावर शेवटचा कधी गेला होतास?” विषयांतर करायची या लोकांना खोडच असते.

तिचा अभ्यास म्हणे शास्त्रज्ञांवर आहे. ते समुद्राबद्दल काय बोलतात आणि प्रत्यक्ष समुद्रावर काय करतात. “तू बोलशील, वागशील ते टिपून घेतलं तर चालेल?” म्हटलं, अगदी सावकाश टीप. एवढी शिकायची ओढ समाजशास्त्रात कमीच.

१४ मार्च
तिसरा रोजा. केरकेन्ना बेटांवर जायची मोठी बोट. पाणी तळ्यासारखं. अर्ध्या वाटेत पोटात ढवळलं. कारण: उपाशी पोट. समुद्राचा संबंध नाही. शेजारी एक म्हातारी विणत बसली होती, तिचाही रोजा होता, तिला काही झालं नाही. अर्थात तिला डोक्याचं काम नसतं.

२३ मार्च
हम्मादी तांडेलाच्या होडीवर. जाळ्यात मासे चार आणि निळे खेकडे ढीगभर. गरम पाण्याबरोबर आलेली ही पीडा, जाळी कातरून ठेवते. ती वळवळ, तो वास! शी! मी डोळे मिटून बसलो. चिंतन.

तांडेल ओरडला, “अहो साहेब, डोळे उघडा की! समुद्र इकडं आहे.” मी शांतपणे सांगितलं, मला या जागेचं तापमान तोंडपाठ आहे. तेव्हा तो इश्राकला म्हणतो, “उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते बाई, हा मासे हाकतोय.” कैरवानच्या माणसाला उंटावरून बोलणं म्हणजे सरळसरळ अपमान. इश्राकने हसू दाबलं आणि टिपून घेतलं. तांडेलाचा उद्धटपणा कुठेतरी नोंदला गेला, हे बरं झालं.

१० एप्रिल
ईद. इश्राकच्या घरी बोलावणं. या शहरात ईदेच्या सकाळी, गोडधोड सोडून, खारवलेला मासा खातात. वर कांदा-बेदाण्यांचं गोड कालवण. जिन्यातच वास आला आणि ईद संपली. तिची आई म्हणाली, “घे रे बाळा, समुद्राचा डॉक्टर ना तू? लाजतोस काय?” म्हटलं, काकू, डॉक्टर आपले रुग्ण खात नाहीत. कुणीही हसलं नाही. विनोद समजायलाही शिक्षण लागतं.

१७ एप्रिल
संकल्प: उद्यापासून रोज सकाळी बंदरावर. शरीराला सवय लावायची. तशी गरज नाही, पण स्पर्धेसाठी.

१८ एप्रिल
वारा होता.

१९ एप्रिल
वारा नव्हता. अशा दिवशी जाऊन काय कळणार?

२२ एप्रिल
बंदराच्या फाटकापर्यंत गेलो. आतून कोळंबीचा वास आला. फाटकापर्यंत जाणं हेही जाणंच आहे.

३० एप्रिल
पुन्हा हम्मादीची होडी. आता रोजे नाहीत, म्हणून पोटभर खाऊन निघालो. सगळं परत केलं, व्याजासकट. कारण: डिझेलचा धूर आणि तांडेलाची सिगारेट. तांडेल म्हणाला, “किनारा अजून दिसतोय साहेब, एवढ्यात कसं?” नीच माणूस.

इश्राकने मात्र बादली धरली. वर विचारलं, “आत्ता या क्षणी तुला समुद्राबद्दल काय वाटतं?” मी तोंड पुसून पाण्याचे थर समजावून सांगितले. एक शब्द सोडला नाही तिने. खरं सांगायचं तर मुलगी वाया चाललीय. जहाजावर गेलो की तिला पत्र लिहीन.

१९ मे
भाषण तयार. एकशे चार स्लाइड. माणसांबद्दल एक स्लाइड शेवटी घातली. तीवर माणसांचा फोटो आहे. आईला फोन करून सांगितलं की जहाज नक्की. तिने तेवढ्यात गल्लीला सांगितलं.

२७ मे
झालं ते क्रमाने लिहितो.

माझं भाषण उत्तम झालं. एकतिसाव्या स्लाइडला मादाम दोर्रांनी थांबवलं. वेळेचं नियोजन त्यांचं वाईट.

मग इश्राक. विषय: समुद्राचे शास्त्रज्ञ समुद्र कसा टाळतात. म्हणाली, मासेमारी कधी बंद ठेवायची, जाळी कोणती वापरायची, हे ठरवणाऱ्यांना पाण्याची किळस येते, आणि पाण्यावरची माणसं त्यांचं ऐकत नाहीत ती म्हणूनच. मुद्दा बरा होता. मी मान डोलावली. मग तिने एक उदाहरण घेतलं. नाव सांगितलं नाही. एक तरुण, लांबच्या कोरड्या गावचा, हुशार, दर वेळी उलटीचं नवं कारण शोधणारा. मला दया आली. असले लोक आमच्या क्षेत्राला काळिमा. मी मागे वळून पाहत होतो, कोण असेल हा दळभद्री?

तेव्हा ती म्हणाली, “त्याचे शब्द सांगते. डॉक्टर आपले रुग्ण खात नाहीत.”

सभागृह पोट धरून हसलं. ईदेला जो विनोद कुणाला कळला नव्हता, तो आज वकिलालासुद्धा कळला. मग सगळे माझ्याकडे वळले. हम्मादी तांडेलाला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो उठून टाळ्या वाजवत होता.

२८ मे
जागा इश्राकला. ती भेटायला आली. म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं रे तुला.” सांगितलं होतं. हीच तर चीड आहे. तिच्या तोंडावर दार लावलं. स्वतःचीच इतकी किळस आली की आरशात न बघता दाढी केली. कापलं.

९ जून, कैरवान
मेहुण्याचं दुकान. तेल तापतंय. मेहुणा म्हणतो, “शास्त्रज्ञ, आच कमी कर.”

दुपारी इश्राकचा फोन. जहाजवाल्यांना तिचं काम फार आवडलं, पण ते म्हणतात एवढ्याशा माहितीवर पीएचडी होत नाही, पुढे अभ्यास कुणावर करणार? जहाजावरचे बाकीचे सगळे समुद्रात मजेत असतात. तिला कुणी मिळत नाहीये. म्हणून तिने भांडून आणखी एक जागा मिळवलीय. माझ्यासाठी. जेवणखाण फुकट. पीएचडी मात्र तिचीच. “अट एकच आहे मक्रम,” ती चाचरत म्हणाली, “उलटी थांबवायची गोळी घ्यायची नाही. निष्कर्ष बिघडतील.”

मी म्हणणार होतो, तू मला समजतेस तरी काय? पण समोर वड्यांची परात होती, आणि मेहुणा बघत होता. हो म्हणालो.

आई गल्ल्यापाशी उभी राहून गिऱ्हाइकांना सांगतेय, माझ्या मक्रमवाचून त्यांचं जहाजच अडलंय हो! तिला गप्प बसवायला उठलो, पण काय म्हणून बसवणार? या वेळी ती खरं बोलतेय.