सुई नको म्हटलं

आई, पाया पडते.

फोनवर सगळे ऐकतात, म्हणून नागपुरातून लिहून राहिली. मी मजेत आहो.

सोनोग्राफीत बाळाचं एक पाऊल आत वळलेलं दिसलं. तुह्या जावयानं, चंदननं लगेच विचारलं, "चालन ना?" डॉक्टरबाई हसल्या. "पळेलसुद्धा. जन्मल्यावर प्लास्टर लावून सरळ करू."

आणखी काही दोष असन तर पोटात सुई टाकून कळते, पण त्यात बाळ जायची थोडी भीती असते. मी नाही म्हटलं. "जसं येईन तसं आपलंच," असं म्हणून चंदन नावं शोधाले बसला. कधीकधी वाटते, पाहून घ्यायले पाहिजे होतं का वं?

बाबाचा विणायचा माग सुरू आहे ना? त्याईले पायाचं मीच सांगीन.

तू लवकर ये. लेकरू दिवसभर लाथा मारून राहिलं. कोणत्या पायानं मारते, काही समजत नाही!

तुही,
मयुरी