नातीची खांदेमळणी

मु. पो. हसनाबाद

आष्टीचे आमचे व्याही श्री. रामप्रसादराव यांना भुजंगराव आणि चतुराबाईचा हात जोडून रामराम. इकडे सगळे खुशाल आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. बाकी मला झोप नाही. थंडीने तुमचे गुडघे धरले असतील. विहीणबाईंना सांगा, बिब्बा लावू नका, भाजतो. (मी मागच्या साली लावला होता. डाग अजून आहे.)

आपली अर्पिता पुण्याच्या टेनिस स्पर्धेत पहिली आली, हे तुम्हाला फोनवर कळलेच असेल. पण फोनवर ते लवकर संपते, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या हरिओमला जालन्याच्या मिलमधून सुट्टी मिळाली नाही, तुमची सुरेखा तापाने पडलेली, म्हणून पोरीसोबत मी गेलो होतो. आधी सोलापूर, मग कोल्हापूर, तिथून नाशिक आणि लगेच पुणे, असे तिचे चालू आहे. एका गावची बॅग उघडायच्या आत दुसऱ्या गावची गाडी. पुण्यात पाहतो तर ती पाण्याची बाटली डाव्या हाताने उचलून राह्यली. आपल्या दोन्ही घरांत डावखुरे कोणी नाही. विचारले तर म्हणाली, "काई न्हाई आबा, खांदा जरासा भरलाय." आमचा पाखऱ्या बैल तर एवढेही बोलत नव्हता, तरी त्याचा खांदा मला बराबर कळायचा.

म्हणून शेवटच्या सामन्याच्या सकाळी, चतुराबाईने पोरीच्या खाण्यासाठी दिलेले तूप काढले, त्यात हळद कालवली आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची करतो तशी नातीची खांदेमळणी केली. पोरीने माझे मन मोडले नाही. पण बैलाच्या हातात रॅकेट नसते, हे माझ्या ध्यानात आले नाही. ऊन लागले, घाम आला, तूप दंडावरून तळव्यात उतरले आणि रॅकेट सुटून थेट पंचांच्या उंच खुर्चीखाली जाऊन पडली. पांढरा सदरा पिवळा झाला तो वेगळाच. समोरची पोरगी हसली. तिथेच ती फसली. अर्पिता कुंपणाच्या जाळीपाशी आली, माझ्या खांद्यावरची दस्ती मागितली, हात पुसला आणि मग असे फटके मारले की चेंडू कुठे पडला ते मला दिसले नाही. (समोरचीलाही दिसले नाही.) मधे मी एकदाच उभा राहिलो. पंधरा झाले, तीस झाले, मग पंचेचाळीस पाहिजेत की नाही? त्यांनी चाळीसच दिले. पोरीचे पाच गुण कोणी खाल्ले, एवढेच विचारले, तर बाजूच्या बाईने मला खाली बसवले. पाच कमी घेऊनही ती जिंकली, हे ध्यानात ठेवा. कप एवढा मोठा आहे की त्यात आमची मांजर बसेल.

पण कप घेताना तिने उजवा हात खांद्याच्या वर नेला नाही. मी पाहिले, टाळ्या वाजवणाऱ्यांनी पाहिले नाही. डॉक्टरीणबाईंनी बर्फ लावला आणि आठवडाभर आराम सांगितला. इकडे पुढच्या आठवड्यात नागपूर. मी तिच्या कोचसरांना गाठले. माणूस वाईट नाही. त्यांचे म्हणणे, सामने खेळल्याशिवाय अंगात सामना येत नाही, आणि नागपूर सोडले तर क्रमांक खाली जातो. मी म्हटले, नांगरटीवरून आलेली जोडी मी दुसऱ्या दिवशी कधी पेरणीला जुंपली नाही. ते हसून म्हणाले, "आजोबा, ती बैल नाहीये."

"तेच म्हनतो सर," मी म्हणालो, "बैलाला तरी पोळा असतो."

त्यांनी मला चहा पाजला, पण नागपूर काही रद्द केले नाही. म्हणाले, ते वडिलांनी ठरवायचे. तर तुमची तब्येत सांभाळा, आणि सवडीने उत्तर द्या.

आपला,
भुजंगराव

ता. क. सवडीने नको, जल्दी करा. हरिओमला फोन करून नागपूर रद्द करायला सांगा आणि पोरीला आठवडाभर आष्टीला न्या. बापाचा शब्द तो उडवतो, सासऱ्याचा उडवणार नाही. माझे नाव घेऊ नका.

दुसरा ता. क. आठवडा रिकामा जाऊ नये म्हणून मी थोडी सोय केली आहे. सोमवारी ग्रामपंचायतीत सत्कार, मंगळवारी शाळेत भाषण, बुधवारी भोकरदनला पाव्हण्यांकडे, गुरुवारी सजवलेल्या जीपमधून गावभर मिरवणूक. तिने कप वर धरून उभे राहायचे, म्हणजे मागच्यांनाही दिसेल. शुक्रवारी सर्जेरावांच्या नातवाच्या लग्नात पुन्हा सत्कार.

तिसरा ता. क. चतुराबाईने हे पत्र मला फोनवर अर्पिताला वाचून दाखवायला लावले. पोरगी म्हणाली, "आबा, त्यापरीस मी नागपूरला खेळते. तिथं मधी बसायला खुर्ची तरी देत्यात." मागून हरिओमही ऐकत होता. (माझे नाव कळलेच, इलाज नाही.) म्हणाला, मामांनी सांगितलं तर बघतो. तेव्हा तुम्ही सांगाच. मी सत्कार, शाळा, पाव्हणे, लग्न, सगळे रद्द केले. फक्त जीप ठेवली. पोरांनी झेंडूच्या माळा आत्ताच बांधायला घेतल्या आहेत. जीपमध्ये मी उभा राहतो. पोरीला तुमच्याकडे पोटभर झोपू द्या, कप तेवढा पाठवा. माझा खांदा ठणठणीत आहे.