कोथळीतले गहू

वलगाव,
७ सप्टेंबर २०२५

चि. किशोरले आत्याचे अ. आ. रीत म्हणून लिहिले, मनातून एकबी निघून नाई राहिला.

फोन मुद्दामच उचलून नाई राहिली. फोनवर तू कॉलेजात शिकवल्यासारखा मधात मधात बोलते आन् माह्यं बोलणं राहून जाते. कागद कसा, निमूट वाचाच लागते.

मासिकात तुह्या जयवंताची एकेचाळिसावी गोष्ट वाचली. तीन पानं! दीडशे वर्षांमागची वऱ्हाडातली दाई ती. चाळीस गोष्टी घरोघर बाळंतपणं केली आन् घरोघरच्या चोऱ्या-खून बाहेर काढले. पाटलाले भ्याली नाई, सावकाराले भ्याली नाई. आन् आता काय झालं तिले? महालक्ष्मीच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी हरपते, दुसऱ्या पानावर भांडेवाली भागी चोर ठरते, तिसऱ्यावर गावाबाहेर. पुरावा काय, तर जयवंतानं तिच्या डोळ्यात पाह्यलं म्हणे! डोळ्यात पाहून चोर सापडले असते तर सरकारनं पोलीस कायले पोसले असते?

तुले माहीत हाये, बारा वर्षांपासून तुही गोष्ट आली की दुपारी माह्या ओसरीत सात-आठ बाया जमतात आन् मी मोठ्यानं वाचून दाखवते. आधी वाचून ठेवायची नाई, असा आमचा नेम. नाई तं वाचणारीच्या तोंडावरून शेवट समजते. पार्बताबाई सगळ्यात पुढे बसते. डोळे गेले तिचे, तिले गोष्टीचाच विरंगुळा. ही तीच पार्बता, जिले तरुणपणी आपल्या घरून हाकललं, महालक्ष्मीची एकदाणी चोरली म्हणून. तू नाव बदललं, साल बदललं. बाकी काय बदललं रे?

अर्ध्यात माह्या ध्यानात आलं, पण साऱ्या बाया कान देऊन बसल्या होत्या. काय सांगून थांबू? वाचत गेली. चारचौघीत, माह्याच तोंडानं, तिले पुन्हा चोर म्हटलं. ती काठी चाचपत उठली आन् चहा न घेता गेली. पाच दिवस झाले, फिरकली नाई.

यावर तू काय करणार, ते लिही. लोभ हाये तेवढा हाये, वाढवायचं नाव सध्या काढू नको.

तुही आत्या,
चतुरा


अकोला,
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास किशोरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधीच मार खाऊन बसलो होतो, त्यावर तुझी काठी पडली. संपादकांनी वाचकांची पत्रं पिशवी भरून पाठवली आहेत. इतकी तर चाळीस गोष्टींत मिळून आली नव्हती. एक म्हणतो, जयवंता थकली, तिला आता सुनेच्या हातचं खाऊ द्या. दुसरा म्हणतो, तीन पानांत कसलं रहस्य, आमच्याकडची लग्नपत्रिका याहून मोठी असते. इथल्याच एका निवृत्त हेडमास्तरांनी गोष्ट लाल शाईने तपासून दहापैकी दोन गुण दिले, शेरा ‘घाई केली’. एक बाई तर लिहितात की जयवंता गरिबाची होती, ती पाटलाची कधी झाली ते कळवा.

हे सगळं मी सोसलं. पण तुझं पत्र सोसवलं नाही. आत्या, ही गोष्ट मला बाबांनी सांगितली. आजीही तशीच सांगायची, मी लहान असताना, तुझ्यादेखत. तू एकदा तरी म्हणालीस का, की असं नव्हतं? पन्नास वर्षं मूग गिळून बसलीस आणि आता सगळं माझ्या माथी! मला ठाऊक असतं पार्बताबाई त्याच म्हणून, तर मी हात लावला असता का? तुमच्या ओसरीतल्या पार्बताबाई आणि घरच्या गोष्टीतली ‘ती चोरटी’ एकच, हे मला कुणी सांगितलं होतं? घरात तिचं नावही कुणी घेत नसे.

आता एक विचारतो. मोर्शीच्या चंदाबाई नावाच्या वाचक आहेत. सहा पानं लिहिली आहेत त्यांनी, सगळी रागाची. त्या विचारतात, महालक्ष्मीचे मुखवटे कशावर बसवतात? पत्र्याच्या पोकळ कोथळ्यांवर. कोथळीच्या पोटात काय असतं? गहू. मग मुखवटा उतरवताना गळ्यातला दागिना निसटला तर कुठे जाईल? कोथळीत हात न घालता बाईला चोर ठरवते, ती तुमची जयवंता बाईमाणूस आहे की नाही?

आपल्याकडे पुरुषांनी आरतीपुरतं उभं राहायचं. मांडणं-उतरवणं कधी पाहिलंच नाही. तेव्हा तू लिही. आपल्या कोथळ्या त्या वेळी कुणी पाहिल्या होत्या का?

राग आला तरी उत्तर पाठवावं, ही विनंती.

तुझा,
किशोर


वलगाव,
१६ सप्टेंबर २०२५

चि. किशोरले अ. आ.

त्या मोर्शीवालीले माह्याकडून साडीचोळी पाठव. तुह्या जयवंतापेक्षा हुशार हाये ती.

नाई पाह्यल्या. कोणीच नाई पाह्यल्या. आपल्या घरची रीत, की कोथळीतले गहू वर्षभर हलवायचे नाई. पुढच्या साली नवे भरतानाच जुने काढायचे, म्हणजे घर भरलेलं राहते. सन त्र्याहत्तरची गोष्ट हाये. पार्बता तेव्हाच हात जोडून म्हणत होती, की एकवार कोथळ्या उपड्या करा. माय तिच्या अंगावर धावली. चोरी ते चोरी, आन् वरून लक्ष्मीचं पोट रिकामं करायले सांगते, असं बोलली. रीत मोडली नाई बाप्पा आमी. बाई मोडली.

चौऱ्याहत्तरले महालक्ष्म्या मांडायच्या आदल्या दिवशी मीच कोथळी परातीत ओतली. गव्हासंगं एकदाणी पडली. खोलीत तिघंच, माय, तुहा बाप आन् मी. खुशालदादानं दार लावलं. मायनं माह्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, की बोलली तं घराची अब्रू जाईन आन् तुह्यं लग्न मोडीन. मी एकोणीस वर्षांची. दातखीळ बसली.

मग माय गेली, दादा गेला. शपथ घालणारं कोणी उरलं नाई, तरी मी गप्पच. आता तोंड उघडावं तं पन्नास वर्षांचं काय सांगावं, याचा धाक. तुह्यावर जो राग काढला त्यातला निम्मा माह्यावरचा होता. निम्मा तुह्यावरचाच हाये, तो ठेव तुह्यापाशी.

पत्र फाडू नको. कोणाले दाखवायचं तं दाखव.

चतुरा


अकोला,
१९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास शि. सा. न.

परवा सर्वपित्री. बाबांच्या नावाचं पान वाढायचं आहे, आणि मला त्यांच्याशी कडाकडा भांडायचं आहे. कुणाशी भांडू? त्यांनी मला ती गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना खरं ठाऊक होतं. लहान पोराला गोष्ट म्हणून खोटं सांगितलं, आणि मी ते छापलं. किळस आली मला त्या घराची, आणि माझीही.

बेचाळिसावी गोष्ट हीच लिहायची ठरवली आहे. जयवंता पुन्हा त्या घरी जाईल, कोथळी उपडी करील आणि मी चुकले असं चारचौघांत म्हणेल. पण पार्बताबाईंना विचारल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. आणि त्यांच्याकडे आधी तुलाच जायला हवं. माझ्या माफीने तुझी माफी होणार नाही.

रागाने लिहितोय, तरी तब्येत सांभाळ.

किशोर


वलगाव,
२५ सप्टेंबर २०२५

चि. किशोरले अ. आ. आज मनापासून.

गेली होती. पार्बता अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कोथळी, परात, शपथ, सारं. ती शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, की तिले माहीत हाये.

मी तिच्यासमोर खाली बसली. तिनं सांगतलं, पंच्याहत्तरले गावातल्या गावातच माह्या लग्नाची वरात निघाली तेव्हा ती रस्त्याच्या कडेले उभी होती. तेव्हा तिचे डोळे चांगले होते. नवरीच्या गळ्यात तिनं एकदाणी पाह्यली, मायनं नवी घडवली म्हणून गावाले सांगतलेली. तीच ती, दरसाल हातानं उजळून द्यायची ती, वळखली नसती काय?

मी इचारलं, मंग बारा वर्षं माह्या ओसरीत कायले येत होती? तं म्हणे, जयवंता दर गोष्टीत कोणाची ना कोणाची खोटी चोरी उघडी पाडते, एखाद्या दिवशी आपल्याबी घरी येईन असं वाटे. चाळीस गोष्टी वाट पाह्यली. एकेचाळिसावीत आली, आन् तीबी पाटलाकडूनच बोलली.

मले रडू आवरलं नाई. तिच्या डोळ्याले पाणी नाई आलं. मी एकदाणी घेऊन गेली होती, ती तिच्या हातावर ठेवली. एकेक मणी बोटानं चाचपला तिनं, आन् परत माह्या हातात दिली. म्हणाली, ही घालून ती बाहीर निघाली तं गाव पुन्हा म्हणीन, चोरली.

म्हणून आधी गोष्ट लिही. भागी-बिगी नाई, तिचं नाव पार्बताच ठेव, तिनंच सांगतलं. आन् आपल्या घरचीबी खरी नावं घाल, माह्यं पहिले. त्याच ओसरीत, त्याच बायांसमोर मीच वाचणार हाये. त्यानंतर ती एकदाणी घेईन म्हणे, त्याआधी नाई.

तीन पानात उरकू नको. पण लवकर लिही रे, ती अठ्ठ्याहत्तरची हाये.

लोभ असावा, हे आज मी मागून राहिली.

तुही,
चतुराआत्या