देव्हाऱ्याशेजारचा फोन

तलासरी
२७ मार्च २०२०

ती. चंद्रावतीताईस,
जिग्नेशचा शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन का लागत नाही? जीव टांगणीला लागलाय. दुधाच्या गाडीवाल्या चिमणभाईंच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

शेअर बाजार धाडकन कोसळलाय गं! तुझ्या किंजलच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी दहा वर्षं तुझ्या नावावर जमवलेले शेअर निम्म्यावर यायला टेकलेत. आत्ता विकले तर काहीतरी हाती लागेल. अॅप माझ्याकडे आहे, पण ओटीपी तुझ्या फोनवर येतो. तेवढा फोन चालू कर.

लॉकडाऊनमुळे कंपनी बंद आहे, पण पगार मिळेल. आम्ही मजेत आहोत. भाचीला आशीर्वाद, दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
जिग्नेश

डहाणू
३० मार्च २०२०

चि. जिग्नेश यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन मीच बंद केलाय. होड्या थांबल्या तसं तुझ्या दाजींनी होडीचं मशीन उतरवून, फडक्यात बांधून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही, ही घरची रीत तुला ठाऊक आहे. त्याच फडक्यात मी फोनही गुंडाळला. माग आता ओटीपी!

अरे, बोंबलाचा भाव पडला की आपली आई काय करायची? बांबूच्या वलांडीवर टाकून वाळवायची आणि पावसात ऐटीत विकायची. कंपन्या तूच पारखून घेतल्यास ना? किंजलला पैसे लागायला अजून दोन वर्षं आहेत. मग आत्ताच कसली हाय खातोस? टीव्ही बंद कर आणि गप जेव.

मुलांना पापा. ताईवर रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई

डहाणू
३ ऑगस्ट २०२०

चि. जिग्नेश यास,
अनेक आशीर्वाद.

आज नारळ दिला, फोन उघडला. किंजल म्हणते, शेअर पूर्वीइतके नाहीत, पण मार्चपेक्षा कितीतरी वर आलेत. बघ, ऐकावं कधी मोठ्या बहिणीचं!

पण लबाडा, एप्रिलपासून तुझा पगार बंद आहे, हे मला काल चिमणभाईंनी सांगावं? दर चिठ्ठीत 'आम्ही मजेत' लिहीत राहिलास. आणि मी तुला 'गप जेव' लिहिलं!

भाव चढेपर्यंत थांबावं, पण घरची चूल थंड ठेवून नाही. लागतील तेवढे शेअर वीक, ओटीपी लगेच देते. किंजलही हेच म्हणाली. राखीसोबत तांदूळ आणि सुके बोंबील पाठवतेय.

यापुढे खरं लिहीत जा, एवढा लोभ ठेव.

तुझी,
ताई

तलासरी
५ ऑगस्ट २०२०

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राखी तुझ्या वतीने माझ्या लेकीने, संगीताने बांधली. बोंबील त्याच संध्याकाळी निम्मे संपले, पोरांनी कालवण बोटं चाटून खाल्लं. सोमवारपासून कंपनीने कामावर बोलावलंय. खोटं वाटलं तर चिमणभाईंना विचार!

मार्चमध्ये तुझा फोन लागला असता, तर किंजलचं शिक्षण मी मातीमोल विकून बसलो असतो. म्हणून यंदा ओवाळणी एकच: ती नर्स होईपर्यंत तिच्या फीशिवाय कशासाठीही मी ओटीपी मागणार नाही.

दाजींचं मशीन आता समुद्रावर जाईल. फडकं मात्र धुऊ नकोस, फोन त्यातच राहू दे. चिमणभाईंची गाडी रोज येते, मी खरं काय ते लिहीत जाईन.

बाजार चढो की पडो, तुझी माया अशीच असू दे.

तुझा,
जिग्नेश