सातव्या प्रकरणातली शाल

९ मार्च, सोमवार
स्वानंदने पुण्याहून पक्कं केलं — माझी बायबलातल्या दबोरेवरची कादंबरी वीस तारखेला, शुक्रवारी छपाईला जाणार. संपादक म्हणून त्याचं म्हणणं, सातवं प्रकरण पुस्तकाचा कणा आहे, एक शब्द हलवू नकोस.

आणि धास्ती त्याच प्रकरणाची आहे.

त्यात इस्राएलाची ही न्यायाधीश खजुरीच्या झाडाखाली बसते आणि मार खाऊन आलेल्या एका बाईला नवऱ्याकडे परत पाठवते. पवित्र शास्त्रात असलं काही नाही. मी घातलं. खरं तर मी नाही — शशीमावशीने. सव्वीस वर्षांपूर्वी, इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, उपासनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये. मराठी मंडळींची भांडणं तेव्हा तिच्यापुढे यायची, चहा होईतो निकाल. तशीच मार खाऊन आलेल्या मधुमतीला म्हणाली, घरी जा, सांभाळून घे. मधुमती गेली. दोन महिन्यांनी हॉस्पिटलमध्ये होती.

आता मधुमती लंडनजवळ हाउन्सलोला एकटी राहते. दर नाताळला मावशीकडे तिच्या करंज्यांचा डबा येतो. त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोललेल्या नाहीत.

१० मार्च
प्रकरण मोठ्या टायपात छापून मावशीला पोस्टाने पाठवलं. तीस वर्षं बातमीदारी केली — ज्याच्याबद्दल छापायचं त्याला आधी विचारायचं. इथे लिहिण्याआधीच विचारायला हवं होतं.

१२ मार्च
पाकीट पोचलं. मावसभाऊ नंदूचा फोन. जन्म इथला, मराठी त्याचं त्याचं. "ताई, काय पाठवलंस तू? आई भिंग घेऊन बसलीये. तिचा क्विझ पण बघितली नाही."
मावशी फोनवर आली नाही.

१३ मार्च
काही नाही.

१५ मार्च, रविवार
मीच फोन केला. गुडघा, चर्चचे नवे पाळक, नंदूचा बॉयलर. प्रकरणाबद्दल चकार शब्द नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला मी हे काय वाचायला दिलं!

१७ मार्च
निकाल फिरवून पाहिला. दबोरा त्या बाईला ठेवून घेते, सगळं छान. तासाभरात नऊ पानं. मेलेली. तरी दोन्ही फाइल्स तयार ठेवल्यात. शुक्रवार तीन दिवसांवर.

१९ मार्च, गुरुवार
पाकीट परत आलं. अख्ख्या प्रकरणात पेन्सिलची एकच दुरुस्ती — बाईच्या शालीपाशी 'पिवळी' खोडून 'हिरवी'.

मधुमती त्या दिवशी हिरवी शाल पांघरून आली होती. ओळखू येऊ नये म्हणून मी ती पिवळी केली होती.

लगेच फोन लावला. रविवारी मावशीला मधुमतीकडे जायचंय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उपासना चुकवून. "पुस्तकातून कळण्याआधी तिला माझ्या तोंडून कळू दे." मग म्हणाली —
"तू बरोबर आलीस तर जाईन. नाहीतर माझ्याच्याने नाही व्हायचं."

सेनापती बाराक लढाईला निघताना दबोरेला असंच काहीसं म्हणाला होता. माझ्या पुस्तकात ती पटकन 'येते' म्हणते. मला वेळ लागला. मावशी तोवर फोन धरून होती.

२० मार्च, शुक्रवार
स्वानंदला कळवलं, आज काही पाठवत नाही. वैतागला. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला.

परवा सकाळी मावशीला घेऊन हाउन्सलो. पानं मधुमतीसमोर ठेवायची. छापायचं की नाही, ते ती सांगेल.