होई आनच्या खिडकीत

२८ ऑक्टोबर, होई आन
रस्ताच राहिला नाही, नदी झाली! काल याच गल्लीतून कंदील बघत, गोड कॉफी पीत फिरलो. व्हिएतनाममधलं एवढंसं, पिवळ्या भिंतींचं गाव. आज खाली आमच्या होमस्टेच्या मालकीणबाईंच्या शिवणाच्या दुकानात कमरेइतकं पाणी. आम्ही वर अडकलेले.

ही ट्रिप सुश्रुतची कल्पना. वाखनिंगनच्या डच विद्यापीठात शिकताना सॅक पाठीवर टाकून भटकायचो, तसं लग्नाच्या आठ वर्षांनी पुन्हा.

आणि मी आजच बोलून बसले. खिडकीत उभी राहून. "मला वेगळं राहायचंय."

तो पाण्याकडेच बघत होता. "घरी गेल्यावर बोलू."

२९ ऑक्टोबर
सुश्रुत दिवसभर पाण्यात. कापडाचे तागे, शिवणयंत्रं, सगळं वर आणून देतोय. पत्र्याने पाय कापला. मी जिन्यातून ओरडले, "पुरे आता, वर ये!"

"अजून थोडं सामान आहे."

सामान नव्हतं. त्याला वर यायचं नव्हतं.

२ नोव्हेंबर, उइटहॉर्न
घरी पोचलो. दूध संपलंय, कचरा ठेवलास का... एवढंच बोलणं. विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

८ नोव्हेंबर
त्याला सडकून ताप. पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे फोन केला, डॉक्टर मिळालेच नाहीत. असिस्टंट म्हणाली, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, दोन-तीन दिवस वाट बघा.

१० नोव्हेंबर
डोळे पिवळे! फोनवर किंचाळलेच मी — पुराच्या पाण्यात होता तो, पायाला जखम होती! मग लगेच अँब्युलन्स आली.

११ नोव्हेंबर
लेप्टो. पुराच्या घाण पाण्यातून जखमेत शिरलेला जंतू. मूत्रपिंडं बंद पडली, फुप्फुसात रक्त. आयसीयू. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको." जराही न अडखळता.

१३ नोव्हेंबर
नाशिकहून सुश्रुतच्या आईंचा फोन. व्हिसा हातात पडायला वेळ लागणार. रडत म्हणाल्या, "नीला, तू आहेस त्याच्याजवळ, म्हणून मला धीर आहे गं."

"हो आई," एवढंच म्हटलं.

१६ नोव्हेंबर
तसाच. यंत्र श्वास घेतंय, तो नाही.

२१ नोव्हेंबर
नळी काढली! आवाज नुसता घोगरा. "काय झालं मला?"

म्हटलं, व्हिएतनाममध्ये पुरात होतास ना.

"गेलो होतो आपण?"

नर्स म्हणाली, होतं असं, आजाराच्या आधीचे काही दिवस पुसले जातात. माझा हात धरूनच झोपला तो. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. शी! काय बाई आहे मी!

५ डिसेंबर
घरी आणलं. डायलिसिस थांबलंय. दोन पावलं चालला की धाप लागते. मी मऊ भात कालवून देते. रोज विचारतो, "सांग ना, कसं होतं होई आन?"

कंदील सांगते. कॉफी सांगते. पूरसुद्धा सांगते. खिडकीतलं तेवढं राहतं.

त्याच्या केसांतून हात फिरवताना बरं वाटतं, हेही खरं. पण हे प्रेम आहे, की तो मेला असता याची भीती? मला खरंच कळत नाही. आणि असं फसवून त्याच्याजवळ राहायचं?

९ डिसेंबर
आज सांगितलं. सगळं.

त्याने भाताची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "आठवतंय मला, नीला. शुद्धीवर आलो तेव्हापासून. मुद्दाम विसरलो म्हटलं. वाटलं, तू ते पुन्हा म्हणालीच नाहीस, तर..."