अपेक्षित प्रतिकार

भावोजींस,

१. आईच्या प्रौढ साक्षरता वर्गात तुम्ही प्रबंधासाठी दोन संशोधनपद्धती वापरून पाहिल्या.
२. सहभागी पद्धतीत काय बदलायचं ते बायकांनी ठरवायचं होतं. ते तुम्ही ठरवलंत.
३. दुसऱ्या पद्धतीत बदल तुम्ही आखायचा आणि अनुभव पाहून सुधारायचा होता. तो तुम्ही सुधारला नाहीत.
४. बायकांनी यायचं बंद केलं.

या दोन पद्धतींच्या तुलनेनं तुमच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण खाल्लंय. ती एका ओळीत मावते: दोन्हीकडे तुम्हीच बोलत होतात. सगळं ध्वनिमुद्रण मी उतरवून काढलं, म्हणून सांगते.

त्यात आई स्पष्ट म्हणते, "जावईबापू, आता बास करा. बायका लिहायला येतात, रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला नाही." तुम्ही हसून म्हणता, "आई, हा नकारच तर आपला डेटा आहे!" तक्त्यात त्यापुढे तुमची नोंद आहे, 'अपेक्षित प्रतिकार'. माणसाचं 'नको' इतक्या सफाईनं गिळणारं यंत्र मला अभियांत्रिकीतही कुणी दाखवलं नाही.

आता सोमवारपासून याच प्रयोगाची दुसरी फेरी म्हणताय. आईनं दारोदार फिरून पाच जणींना परत आणलंय. त्याही उठून गेल्या तर वर्ग कायमचा बंद होईल.

ताईच्या संसाराकडे बघून हे पत्र मी आधी एकदा लिहून फाडलं होतं. आता पुन्हा लिहिलेलंही बहुधा न पाठवता टेबलाच्या खणातच राहील. तरी विचारते, दुसरी फेरी घेणार आहात का? गुरुवारपर्यंत कळवा. नुसतं 'नाही' लिहिलंत तरी पुरे. मी त्याचा अर्थ 'नाही' असाच घेईन.

तुमची मेहुणी